औदुंबराचे व्रत आणि यमुनेचे पाणी

काही कलाकृतींच्या वाट्याला चमत्कारिक कीर्ती येते. त्या सर्वांना ठाऊक असतात, पण एका प्रसंगापुरत्याच. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने १९३८ साली काढलेल्या 'ब्रह्मचारी' या चित्रपटाचे तसे झाले आहे. नायिका मीनाक्षी पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आली आणि महाराष्ट्र दचकला, एवढे एक वाक्य प्रत्येक इतिहासात सापडते. त्यापुढे 'त्या काळात केवढे हे धाडस!' असा उद्गार येतो आणि विषय मिटतो. आचार्य अत्र्यांची 'साष्टांग नमस्कार' आणि 'लग्नाची बेडी' ही नाटके आपण वर्गात शिकवतो, त्यांच्या विनोदाची वर्गवारी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतो. त्याच लेखणीतून त्याच दशकात उतरलेली ही चित्रपटकथा मात्र वाङ्मयेतिहासात तळटिपेच्याही मानाला पोचत नाही. आम्हांला याची खंत अधिक वाटते, कारण आमच्या मते अत्र्यांच्या विनोदाने आपले सर्वांत नेमके लक्ष्य नाटकात नव्हे तर या चित्रपटात वेधले आहे.

दुसरा एक समज याहून चिवट आहे. गाणी, विनोद, प्रेमाची लपाछपी आणि शेवटी मीलन हा साचा आपल्याकडे हॉलिवूडहून आला, तेव्हा 'ब्रह्मचारी' म्हणजे तिकडच्या संगीत-विनोदिकेची कोल्हापुरी आवृत्ती, असे म्हटले की अभ्यासाची गरजच उरत नाही. उसनवारी झाली नाही असे आम्ही म्हणणार नाही. अत्र्यांना उसनवारीचे वावडे नव्हतेच. मोलियरच्या कृपणाचा त्यांनी 'कवडीचुंबक' केला आणि 'चार्लीज आंट'ची 'मोरूची मावशी'. पण उसने काय आणले आणि घरचे काय होते याचा हिशेब एकदा नीट मांडायला हवा.

कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. औदुंबर हा साधा तरुण लग्नाची आणि संसाराची स्वप्ने पाहतो आहे. त्याच्या खोलीत चित्रपटतारकांची चित्रे आहेत. अशात त्याच्या कानी ब्रह्मचर्याच्या महतीवरचे एका देशभक्ताचे व्याख्यान पडते आणि पठ्ठ्या पेटतो. चित्रे जातात, अंगावर खाकी अर्धी चड्डी येते आणि स्वारी स्वावलंबनाचा धडा गिरवणाऱ्या आश्रमात दाखल होते. पुढे किशोरी येते आणि व्रताची इमारत डळमळू लागते. औदुंबराच्या भूमिकेत स्वतः दिग्दर्शक मास्टर विनायक, किशोरीच्या भूमिकेत मीनाक्षी शिरोडकर, सोबत दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग. छायाचित्रण पांडुरंग नाईक यांचे, संगीत दादा चांदेकरांचे. कथा, संवाद आणि गीते अत्र्यांची.

नायकाचे नावच पाहावे. औदुंबर म्हणजे दत्ताचे झाड, विरक्तीची सावली. शिवाय उंबराचे फूल कुणाला दिसत नाही, फळ मात्र खोडाखोडाला लगडते, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. व्रतस्थाला असे नाव ठेवणारा लेखक भाषेच्या पोटात हात घालूनच विनोद काढतो. हे नाव कोणत्याही परक्या चित्रपटातून येऊ शकत नाही आणि दुसऱ्या भाषेत नेताही येत नाही.

त्या वेळच्या हवेचा विचार केल्याशिवाय या व्रताची खरी गंमत कळणार नाही. १९०६ साली गांधीजींनी ब्रह्मचर्याचे व्रत घेतले आणि पुढच्या तीन दशकांत वैयक्तिक संयम हा राष्ट्रकार्याचा जणू प्रवेश-परवाना ठरला. आखाड्यांत, वसतिगृहांत आणि व्याख्यानमालांत वीर्यरक्षणाचा उपदेश चालू होता. उपदेश करणारे गांधीवादीच होते असे नाही. खाकी चड्डी दिसताच प्रेक्षकाला कोणकोणत्या संघटना आठवल्या असतील, हे सांगायची गरज नाही. याच्या अगदी उलट टोकाला र. धों. कर्वे उभे होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. म्हणजे देहाविषयी काय बोलावे आणि कुणी बोलावे, हा १९३० ते १९४० या काळातला महाराष्ट्राचा जळता प्रश्न होता. कर्व्यांनी तो तर्काने मांडला आणि त्याची किंमत मोजली. अत्र्यांनी तोच प्रश्न हशाच्या पिशवीत घालून तिकीटबारीवर नेला. दोघांच्या धैर्याची तुलना आम्ही करणार नाही. पण कर्व्यांचे मासिक किती थोड्या घरांत उघडपणे जात असेल आणि अत्र्यांचा चित्रपट किती सहकुटुंब पाहिला गेला असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

कंपनीचाही थोडा परिचय आवश्यक आहे. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. मास्टर विनायक तिथलेच. 'अयोध्येचा राजा'मधला (१९३२) नारद त्यांनी केला होता. प्रभात गेल्यावर कोल्हापूर सिनेटोनमध्ये त्यांनी 'विलासी ईश्वर' (१९३५) दिग्दर्शित केला आणि १९३६ साली बाबूराव पेंढारकर व पांडुरंग नाईक यांच्या साथीने हंस पिक्चर्स उभी केली. या कंपनीचे वैशिष्ट्य असे की तिने लेखकाला मध्यभागी बसवले. पहिला 'छाया' (१९३६) वि. स. खांडेकरांचा, मग 'धर्मवीर' आणि 'प्रेमवीर' (१९३७) अत्र्यांचे. १९३८ साली तर खांडेकरांचा 'ज्वाला' आणि अत्र्यांचा 'ब्रह्मचारी' एकाच छपराखाली तयार झाले. ध्येयवादाची पूजा आणि ध्येयवादाची टिंगल एकाच वर्षी एकाच दिग्दर्शकाने करावी, हा योग मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. कला की जीवन हा वाद आपण फडके आणि खांडेकर यांच्या नावाने शिकवतो. विनायकांच्या कंपनीत तो खांडेकर आणि अत्रे यांच्यात न भांडता चालू होता, आणि दोघांचेही मानधन एकाच तिजोरीतून जात होते.

आता हॉलिवूडकडे वळू. 'ब्रह्मचारी'च्या आधीची पाच-सहा वर्षे ही तिकडच्या संगीत-विनोदिकेची भरभराटीची वर्षे होती. वॉर्नर ब्रदर्सच्या 'फॉर्टी सेकंड स्ट्रीट'मध्ये (१९३३) बझ्बी बर्कलीने नर्तिकांच्या रांगांतून भूमितीच्या आकृत्या रचल्या आणि त्याच वर्षीच्या 'फुटलाइट परेड'मध्ये तेच पाण्यात केले. आरकेओच्या 'टॉप हॅट'मध्ये (१९३५) फ्रेड अ‍ॅस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांनी वेगळाच मार्ग दाखवला. पावसात आडोशाला आलेली ती दोघे प्रथम एकमेकांची खोडी काढल्यासारखी नाचतात, आणि नाच संपेपर्यंत तिचे मन वळलेले असते. संवादाने जे झाले नसते ते पावलांनी होते. बर्कलीच्या पद्धतीत गाणे आले की कथा थांबते. अ‍ॅस्टेअरच्या पद्धतीत कथा गाण्यातूनच पुढे सरकते. अभ्यासकांनी पुढे यालाच एकात्म संगीतिका म्हटले.

मराठी संगीत नाटकाला पहिली पद्धत फार जवळची होती. नायकाने मनातले पदात मांडावे, वन्समोअर घ्यावा, प्रेक्षकाने तानेत रंगावे आणि तोवर मरणाऱ्यानेही थांबावे. बोलपटाने हीच सवय उचलली. 'ब्रह्मचारी'तले ते गाजलेले गाणे मात्र दुसऱ्या जातीचे आहे. ते काढून टाकले तर कथा पुढे जाऊ शकत नाही, कारण व्रताला तडा जातो तो गाण्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही, गाण्यात जातो. किशोरी औदुंबराशी वाद घालत नाही. ब्रह्मचर्यावरच्या व्याख्यानाला प्रतिव्याख्यान देण्याचा मोह अत्र्यांसारख्या वक्त्याला झाला नसेल असे आम्हांला वाटत नाही, पण तो त्यांनी आवरला आणि उत्तर पाण्यावर सोपवले.

आणि ते पाणी बर्कलीच्या तलावातले नाही. गाण्याचा आधार यमुनेचा, कृष्णाच्या जलक्रीडेचा आहे. परंपरेत कृष्ण वस्त्रे पळवतो, गोपी पाण्यात अंग चोरून उभ्या राहतात, विनवतात. इथे बाई आपखुशीने तोकड्या वस्त्रांत पाण्यात उतरली आहे आणि संकोचाने कासावीस झालेला कृष्ण काठावर आहे. सगळी गौळण अत्र्यांनी उलटी फिरवली. एकनाथांच्या गौळणींपासून तमाशातल्या मथुरेच्या बाजारापर्यंत जी अडवणूक मराठी माणसाच्या कानावर होती, तिच्यात अडवणारा तोच असे आणि अडलेली ती. 'ब्रह्मचारी'त अडवणारी ती आहे. प्रेक्षकाला धक्का पोशाखाने दिला हे खरे, पण तो धक्का पचवता आला याचे कारण आम्हांला या उलटापालटीत दिसते. ओळखीच्या कथेचे बोट धरून तो अनोळखी दृश्यापर्यंत पोचला. पोशाख परदेशी आहे आणि प्रसंग भागवतातला. उसनवारीचा हिशेब करायचा तर इथे थांबून करावा. पाण्यातल्या संगीतिकांसाठी प्रसिद्ध झालेल्या एस्थर विल्यम्सचा 'बेदिंग ब्यूटी' त्यानंतर सहा वर्षांनी, १९४४ साली आला, हे जाता जाता सांगून ठेवतो. त्या चित्रपटातले पाणी शंभर पटींनी अधिक आहे, अर्थ मात्र पाण्याइतकाच पातळ.

हॉलिवूडला त्या वर्षांत मोकळीक होती आणि आपण सोवळे होतो, ही समजूतही तपासावी लागेल. १९३० साली लिहिलेली नीतिसंहिता तिकडे १९३४ पासून कडकपणे लागू झाली, आणि चुंबनाची लांबी, पलंगांतले अंतर यांवर पहारा बसला. आपल्याकडचे सेन्सॉर १९१८च्या कायद्याखाली काम करी आणि त्याचा डोळा मुख्यत्वे राजकारणावर असे. शांतारामांच्या चित्रपटाला 'स्वराज्याचे तोरण' हे नाव नाकारले गेले आणि तो 'उदयकाल' (१९३०) म्हणून आला, तो याच नजरेमुळे. सरकार स्वराज्य या शब्दाला भीत होते, पोहण्याच्या पोशाखाला तितके नाही. पोशाखाचा समाचार समाजाने घेतला, आणि समाज पाहायलाही गेला.

आवाजाची एक गोष्ट या ठिकाणी फार महत्त्वाची आहे. मीनाक्षी शिरोडकर गायिका होत्या आणि पडद्यावरचे गाणे त्यांचेच होते. जो देह दिसतो त्याचाच आवाज ऐकू येतो. पुढे पार्श्वगायनाची रीत रुळली तेव्हा देह आणि कंठ यांची फारकत झाली. एका बाईने दिसावे आणि दुसरीने गावे, म्हणजे दिसणारीच्या धीटपणाचा डाग गाणारीला लागत नाही आणि गाणारीच्या पावित्र्याचा मुलामा दिसणारीला मिळतो, अशी ती सोयीची वाटणी होती. तिच्या प्रारंभी लता मंगेशकर आहेत, आणि वडिलांच्या मृत्यूनंतर १९४२ साली त्यांना आधार मिळाला तो मास्टर विनायकांचाच. गाणाऱ्या नटीच्या युगाचा एक शिखरबिंदू ज्याने चित्रित केला, त्याच्याच आश्रयाने ते युग संपवणारा आवाज वाढला.

हॉलिवूडनेही या फारकतीवर एक विनोदिका केली आहे, आणि ती त्या पंथातली सर्वोत्तम मानली जाते. एमजीएमच्या 'सिंगिंग इन द रेन'मध्ये (१९५२) १९२७च्या सुमाराची गोष्ट आहे. मूकपट संपून बोलपट येतो आणि कर्कश आवाजाच्या तारकेसाठी पडद्याआडून दुसरी मुलगी गाते. अखेरीस पडदा वर जातो, खरा आवाज कुणाचा ते उघड होते आणि न्याय होतो. मौज अशी की ज्या मुलीला न्याय मिळतो तिची भूमिका करणाऱ्या डेबी रेनॉल्ड्सच्या तोंडची काही गाणी प्रत्यक्षात बेटी नॉइस हिने गायलेली आहेत, आणि मूळ श्रेयनामावलीत तिचे नाव नव्हते. उसन्या आवाजावर टीका करणारा चित्रपट उसन्या आवाजावर उभा आहे. 'ब्रह्मचारी'च्या गाण्यात अशी पळवाट नव्हती. जे काही बोलणी खायची ती मीनाक्षीबाईंना अंगानेही खावी लागली आणि कंठानेही.

इथवर आम्ही कोल्हापूर आणि कॅलिफोर्निया यांच्यात येरझारा घातल्या. उदगीरला बसून या चित्रपटाचा विचार करताना आणखी एक धागा हाती लागतो. १९३८ साली उदगीर निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात होते. कचेरीची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. सार्वजनिक सभेसाठी आधी परवानगी घ्यायला लावणारी 'गश्ती निशाण ५३' ही आज्ञा कुप्रसिद्ध होती. म्हणजे ज्या व्यासपीठी मराठीची अत्रे टर उडवतात, ती पुण्या-मुंबईत उदंड झाली होती म्हणून हास्यास्पद होती. इथे त्या मराठीला व्यासपीठच मोठ्या कष्टाने मिळत होते. 'संयम', 'स्वावलंबन', 'राष्ट्रोद्धार' या शब्दांचे फुगे फोडण्याची चैन, हे शब्द मोकळेपणाने उच्चारता येणाऱ्या मुलखालाच परवडते. ही गोष्ट अत्र्यांच्या विरुद्ध आहे असे नव्हे, पण मराठी विनोदाचा इतिहास लिहिताना ती बहुधा सुटून जाते.

उलट या भागाच्या कानाला एक गोष्ट उपजत येते. घरात मराठी किंवा कानडी, बाजारात दखनी, कचेरीत दरबारी उर्दू, कुठे तेलुगू, अशा चार पायऱ्यांवर जो रोज चढतो-उतरतो, त्याला बोलण्याची भाषा आणि मिरवण्याची भाषा यांतले अंतर शिकवावे लागत नाही. 'ब्रह्मचारी'चा सगळा विनोद या अंतरावर उभा आहे. औदुंबर व्याख्यानातल्या भाषेत जगू पाहतो आणि अडचणीत येताच घरच्या भाषेत घसरतो. वर्गात अत्र्यांचे असे उतारे वाचताना आमचे विद्यार्थी आधी त्या घसरणीला हसतात, कोटीला नंतर, आणि काही वेळा कोटीला हसतच नाहीत.

याच चित्रपटाची हिंदी आवृत्तीही त्याच नावाने निघाली होती. एकाच सेटवर दोन भाषांत चित्रण करण्याची ही स्टुडिओंची रीत केवळ आपली नव्हे. लुबिचने 'द मेरी विडो' (१९३४) इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये तीच जोडी घेऊन केला होता. तिकडे ही रीत लवकर मागे पडली, पुणे-कोल्हापूरकडे ती बराच काळ टिकली, कारण मराठी मुलखाबाहेरचे उत्पन्न तिच्यावर अवलंबून होते. पण औदुंबर हिंदीत गेला की नुसते एक नाव उरतो. उंबराचे न दिसणारे फूल वाटेतच गळते. कृष्ण आणि यमुना मात्र धक्का न लागता पलीकडे पोचतात. चित्रपटातले काय भाषेचे आहे आणि काय कथेचे, याची यापेक्षा सोपी कसोटी आम्हांला सुचत नाही.

आणखी एक नाते आहे, ते अधिक जुने. ढोंगी वैराग्याची थट्टा मराठीत अत्र्यांनी सुरू केली नाही. ती पैठणच्या एकनाथांनी केली, आणि संसारात राहून केली. त्यांच्या भारुडांत जोशी येतो, गोंधळी येतो, संन्यासी येतो, आणि सोंगाच्या मिषाने भगव्या वस्त्राआडचा माणूस उघडा पडतो. उदगीरपासून बसवकल्याण फार दूर नाही. संसार न टाकता, श्रम करीत भक्ती करावी हा शरणांचा विचारही या मातीत आठशे वर्षे मुरलेला आहे. तेव्हा आश्रमात पळालेल्या तरुणाला संसारात परत आणणारी कथा आम्हांला पाश्चात्त्य वाटत नाही. 'संन्यास सोपा, संसार कठीण' ही इथली जुनी समजूत तिच्या तळाशी आहे. अत्र्यांनी भारुडे डोळ्यांसमोर ठेवून ही कथा लिहिली असे सुचवायचे नाही. गडकऱ्यांचा हा शिष्य पुण्यात घडला. पण 'एकच प्याला'च्या करुणेने भारलेला शिष्यच १९३९ साली, मुंबईत दारूबंदी लागू झाली त्या वर्षी, 'ब्रँडीची बाटली' नावाचा विनोदी चित्रपट लिहितो, ब्रँडी म्हणजे काय हेही ठाऊक नसलेल्या कारकुनाला बाटलीच्या शोधात हिंडवतो. गुरूचा सुधाकर ज्या पेल्यात बुडाला, त्याच पेल्यावर हसता येते हे त्याला कुठून तरी उमगलेले असते.

'ब्रह्मचारी'चे दोष झाकण्याचे कारण नाही. किशोरीचे धैर्य अखेर औदुंबराच्या उपयोगी पडते. तिचे स्वतःचे काय, हा प्रश्न चित्रपट फारसा विचारत नाही. ती पाण्यात उतरते ती त्याला बाहेर काढण्यासाठी. अ‍ॅस्टेअरच्या चित्रपटांत निदान रॉजर्स त्याच्या पावलास पाऊल देत नाचते, श्रमाची वाटणी समान असते. इथे ती खेळते आणि तो पाहतो. कॅमेराही त्याच्याच बाजूला उभा असतो. आज हा चित्रपट शिकवायचा तर या जागी थांबावे लागेल आणि विद्यार्थिनींना बोलू द्यावे लागेल.

हंस पिक्चर्स पुढे फार चालली नाही. 'अर्धांगी' (१९४०) झाल्यावर मंडळी नवयुग चित्रपटाच्या नावाखाली गेली, मग विनायकांनी प्रफुल्ल पिक्चर्स काढली. १९ ऑगस्ट १९४७ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. हाती घेतलेला 'मंदिर' दिनकर द. पाटील यांनी पुरा केला. त्याच १९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी' आणि 'जय मल्हार' आले आणि मराठी चित्रपटाची पावले गावाकडे, फडाकडे वळली. उदगीर १७ सप्टेंबर १९४८ला निजामाच्या राजवटीतून सुटले, १९५६ साली मुंबई राज्यात आले, आणि एप्रिल २०२२ मध्ये पंचाण्णवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरले. ज्या अत्र्यांनी १९४२ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले, त्यांची नाटके त्या आठवड्यात इथल्या पुस्तकांच्या दालनांत मांडलेली होती. फडावरची गौळण त्यानंतर मराठी पडद्यावर पुष्कळदा रंगली, पण तिच्यात वाट अडवणारा पुन्हा कृष्णच होता.